बंदरातील मुक्काम आणि तटबंदीचे नगर : चौल-रेवदंड्याच्या प्रवासवृत्तांतांचा पुनर्विचार

प्रस्तावना

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांचा इतिहास लिहिताना परदेशी प्रवाशांच्या वृत्तांतांचा आधार घ्यावा लागतो. यांतील बहुतेक प्रवासी जहाजाने आले. वारा, भरती-ओहोटी, माल आणि पाणी यांची सोय होईपर्यंत बंदरात थांबले, त्या अवकाशात नगर पाहिले आणि पुढे निघून गेले. काहींचा मुक्काम एक-दोन दिवसांचा होता, काहींचा काही आठवड्यांचा. या अल्प मुक्कामात त्यांनी लिहून ठेवलेल्या चार-दोन परिच्छेदांवर पुढील काळातील इतिहासाची मोठी इमारत उभी राहिली आहे. अशा मुक्कामात प्रथम नजरेस पडतो तो तट. नगर मात्र तटापेक्षा मोठे असते, आणि कधी कधी ते तटाच्या आत नसतेच.

रायगड जिल्ह्यातील चौल-रेवदंडा हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे. कुंडलिका नदीच्या मुखाशी, उत्तर तीरावर, अलिबागपासून सुमारे १७ किलोमीटर अंतरावर रेवदंड्याचा कोट आहे. पोर्तुगिजांनी वसविलेल्या या नगराला स्थानिक परंपरेत आगरकोट असेही नाव आहे. समोरच्या दक्षिण तीरावर कोर्लईचा डोंगरी किल्ला आहे. रेवदंड्यापासून आत, थोड्या अंतरावर, मूळचे प्राचीन चौल आहे. चौलविषयी दहाव्या ते अठराव्या शतकापर्यंतच्या प्रवाशांनी जे लिहिले, ते एकत्र वाचले असता या नगराच्या उत्कर्षाची व ऱ्हासाची कारणे तटाच्या आत सापडत नाहीत, असे दिसून येते. प्रस्तुत लेखात त्या वृत्तांतांची याच अंगाने चिकित्सा केली आहे.

प्राचीन बंदराची ओळख

चौलची प्राचीनता वादातीत आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याणनंतरच्या बाजारपेठांत ‘सेमिल्ला’ या नावाने त्याचा उल्लेख येतो. कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत ‘चेमुल’ येथील दात्यांचा निर्देश आहे. परदेशी ग्रंथ आणि देशी शिलालेख यांचा असा मेळ किनाऱ्यावरील फार थोड्या बंदरांच्या बाबतीत बसतो.

अरब लेखकांनी या बंदराला ‘सैमूर’ म्हटले. अल्-मसऊदी हा इतिहासकार हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६ च्या सुमारास येथे आला होता. त्या वेळी राष्ट्रकूटांचे सार्वभौमत्व होते आणि उत्तर कोकणात शिलाहार घराण्यातील झंझ राज्य करीत होता. सैमूरमध्ये सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले व्यापारी आहेत, तसेच याच भूमीत जन्मलेली त्यांची संततीही आहे, असे तो नमूद करतो. त्यांचे आपसांतील व्यवहार पाहण्यासाठी ‘हुनरमन’ या नावाचा प्रमुख नेमलेला असे. परक्या धर्माच्या व्यापाऱ्यांना स्वतःच्या चालीरीतींनुसार राहू देणारी ही व्यवस्था देशी राजसत्तेच्या संमतीने चालत होती. या वर्णनात भर आहे तो माणसांच्या वस्तीवर. परकीयांना सुरक्षित वाटण्यासाठी त्या काळी त्यांच्याभोवती दगडी भिंत उभारण्याची गरज पडली नव्हती.

दोन चौल, दोन तट

सोळाव्या शतकाच्या आरंभी, १५०४-०५ च्या सुमारास, लुदोविको दी वार्थेमा हा इटालियन प्रवासी चौलला आला. चौल हे उत्तम तटबंदीचे नगर असून समुद्रापासून दोन मैल आत आहे, त्याची नदी अतिशय सुंदर असून तिच्यातून परदेशी जहाजांची मोठी ये-जा चालते, असे त्याचे निरीक्षण आहे. पुढे नोव्हेंबर १५८३ मध्ये राल्फ फिच हा इंग्रज व्यापारी होर्मुझहून गोव्याकडे पोर्तुगिजांचा कैदी म्हणून नेला जात असता वाटेत चौलला थांबला. त्यानेही तटबंदीच्या नगराचे वर्णन केले आहे.

या दोन नोंदी शेजारी ठेवल्या तर एकाच तटाचे वर्णन ऐंशी वर्षांच्या अंतराने दोघांनी केले, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती तशी नाही. वार्थेमाने पाहिलेले तटबंदीचे नगर समुद्रापासून आत होते, तर फिचच्या वर्णनातील तट समुद्राच्या अगदी लगत आहे. येथे दोन नगरे आहेत, एक पोर्तुगिजांचे व दुसरे मुसलमानांचे. पोर्तुगिजांचे नगर समुद्राजवळ असून खाडीवर त्याची हुकमत चालते आणि त्याला सभोवार तट आहे. त्याच्या थोडे वर निजामशहाच्या अमलाखालील नगर आहे, असे फिचने स्पष्ट लिहिले आहे. तेव्हा ‘चौलचा तट’ हा शब्दप्रयोग जेथे येईल तेथे तो कोणत्या चौलचा, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. मराठीतील अनेक लेखनांत हा भेद पाळला गेलेला नाही, आणि त्यामुळे वरच्या चौलचे वैभव खालच्या चौलच्या, म्हणजे रेवदंड्याच्या, पदरात घातले गेले आहे.

रेवदंड्याचा तट कसा उभा राहिला, हे पाहिल्यास हा भेद अधिक स्पष्ट होतो. मार्च १५०८ मध्ये चौलच्या बंदरात इजिप्तच्या मामलुक सुलतानाचे आरमार अमीर हुसेनच्या नेतृत्वाखाली आणि दीवच्या मलिक अयाझच्या साहाय्याने पोर्तुगीज आरमारावर तुटून पडले. त्या लढाईत व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. पुढे १५१६ मध्ये पोर्तुगिजांनी येथे वखार घातली आणि १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने किल्ल्याच्या बांधकामास आरंभ केला. अहमदनगरच्या राज्याला समुद्रमार्गे येणारे घोडे हवे होते आणि पोर्तुगिजांना खाडीच्या तोंडावर पाय रोवायचा होता. या परस्पर गरजेतून किल्ल्याला जागा मिळाली. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने या ठाण्याला वेढा दिला. वेढा अनेक महिने चालला आणि पोर्तुगिजांनी तो निभावून नेला. त्यानंतर ठाण्याची संरक्षणव्यवस्था अधिक बळकट करण्यात आली. फिचने बारा वर्षांनी पाहिलेला तट हा त्या वेढ्याच्या अनुभवातून भक्कम झालेला तट होता. १५९४ मध्ये समोरच्या कोर्लईच्या टेकडीवरील निजामशाही किल्लाही पोर्तुगिजांनी जिंकला आणि खाडीच्या मुखाचे दोन्ही तीर त्यांच्या हाती आले.

या घटनाक्रमावरून रेवदंड्याच्या तटाचे कार्य कळते. आधीपासून चालत आलेल्या व्यापाराच्या दारावर बसून त्यावर जकात व परवाने यांच्या रूपाने हक्क सांगणे, हे त्याचे मुख्य प्रयोजन होते. व्यापार निर्माण करणारी शक्ती तटाच्या पाठीमागे, वरच्या चौलात आणि त्याहून पलीकडे घाटमाथ्यावर होती.

मुक्कामाचा हंगाम

दुसरा विचार काळाचा आहे. कोकणची बंदरे पावसाळ्यात बंद असतात, त्यामुळे प्रवासी येई तो हंगामातच. दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीज अधिकाऱ्याने १५१६ च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात चौलच्या व्यापाराचे विशेष मोलाचे वर्णन आहे. व्यापाराचा हंगाम डिसेंबर ते मार्च असा सुमारे चार महिने चालतो आणि एरवी गावात फारशी वस्ती नसते, असे तो सांगतो. देशावरून माल घेऊन येणारे व्यापारी गावापासून काही अंतरावर तळ देतात. बैलांच्या पाठीवर खोगिरे व आडव्या टाकलेल्या लांब गोण्या असतात आणि एकेक हाकारा वीस-तीस बैल पुढे घालून चालवीत आणतो, हा तपशीलही त्याने टिपला आहे.

या एका नोंदीने इतर सर्व नोंदींचा अर्थ बदलतो. जहाजातून उतरलेल्या पाहुण्याला दिसलेली गर्दी, मालाचे ढीग, निरनिराळ्या भाषांचा कोलाहल हे वर्षाच्या एका तृतीयांश काळाचे चित्र होते. त्यावरून नगराची कायमची लोकसंख्या किंवा कायमची संपत्ती अनुमानणे धोक्याचे आहे. चौल हे मोठ्या प्रमाणात हंगामी पेठेचे नगर होते. ज्या बैलांच्या तांड्यांवर ती पेठ चालत होती ते तांडे मार्च संपताच घाट चढून जात. जहाजे आणि तांडे यांची भेट घडवून आणणे हाच या बंदराचा व्यवसाय होता. त्यातील जहाजांचा अर्धा भाग प्रवासवृत्तांतांत ठळक उमटला. तांड्यांच्या अर्ध्या भागाला बार्बोझासारखा एखादाच लेखक लाभला.

देशावरची वाट

बंदरात न थांबता आतल्या मुलखात गेलेला प्रवासी या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठरतो. अफनासी निकितिन हा त्वेर येथील रशियन व्यापारी होर्मुझ, दीव, खंबायत या मार्गाने १४६९ ते १४७१ च्या दरम्यान चौलला उतरला. त्याच्याबरोबर विक्रीसाठी आणलेला एक घोडा होता. गोऱ्या माणसाला पाहण्यासाठी लोक मागे मागे येतात, ही त्याची सुरुवातीची नोंद कोणत्याही नवख्या प्रवाशासारखीच आहे. परंतु घोडा विकायचा असल्याने त्याला बंदरात राहून चालणार नव्हते. चौलहून पालीपर्यंत आठ दिवस, तेथून उमरीपर्यंत दहा दिवस आणि पुढे जुन्नरपर्यंत सहा दिवस, असा त्याने आपला मार्ग मोजून दिला आहे.

जुन्नरला पावसाळा सुरू झाला. तेथील अधिकारी असद खान याने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्मांतर केल्यास तो परत देण्याची अट घातली. खुरासानच्या एका प्रतिष्ठित व्यापाऱ्याच्या मध्यस्थीने हे संकट टळले. पुढे निकितिन बहमनी राजधानी बीदरला गेला. त्याने अलाउद्दीन शेखाच्या नावाने भरणाऱ्या मोठ्या जत्रेचेही वर्णन केले असून तेथे हजारोंच्या संख्येने घोडे विक्रीस येतात, असे म्हटले आहे. त्याने दिलेले ‘आलंद’ हे स्थलनाम सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोटच्या पलीकडे असणाऱ्या आळंदचे आहे, असे सामान्यतः मानले जाते.

हा तपशील देशावरील अभ्यासकांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. चौलच्या धक्क्यावर उतरलेल्या घोड्याची अखेरची पेठ भीमेच्या खोऱ्यापलीकडे होती. अरबस्तान व इराणमधून आलेले घोडे बहमनी आणि त्यानंतरच्या सुलतानशाह्यांच्या घोडदळासाठी घाट चढत होते आणि पठारावरील कापूस, कापड, धान्य बैलांच्या पाठीवरून घाट उतरत होते. बंदराच्या इतिहासात सोलापूर, बीदर, कलबुर्गी या परिसराचा वाटा किनाऱ्यावरील कोणत्याही तटाइतकाच मोठा होता. निकितिन परतीच्या प्रवासासाठी दाभोळ बंदरातून जहाजावर चढला. जो प्रवासी एका बंदरातून आत गेला आणि दुसऱ्या बंदरातून बाहेर पडला, त्याच्याच लेखनात बंदर आणि देश यांचा सांधा दिसावा, हे स्वाभाविक होय. रेवदंड्यात निकितिनचे स्मारक उभारण्यात आले आहे. परंतु त्याच्या वृत्तांतातील सर्वांत मौल्यवान भाग चौल सोडल्यानंतर सुरू होतो.

कारागीर आणि ऱ्हास

सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोव्यात असलेला फ्रेंच प्रवासी फ्रान्स्वा पिरार चौलच्या रेशमी कापडाची मुक्तकंठाने स्तुती करतो. गोवा आणि हिंदुस्थानचा इतर भाग यांना पुरेल इतके रेशमी कापड चौलात तयार होते, असे त्याचे म्हणणे आहे. लाखकाम केलेल्या पेट्या व इतर कलाकुसरीच्या वस्तूंचाही तो उल्लेख करतो. चौलची कीर्ती या कारागिरांच्या हातांवर उभी होती.

यानंतरचे शतक राजकीय उलथापालथीचे आहे. १६३६ मध्ये निजामशाही संपुष्टात आली आणि वरच्या चौलचा पाठीराखा नाहीसा झाला. कोकणात आदिलशाही, जंजिऱ्याचे सिद्दी, मराठे आणि पोर्तुगीज यांच्यात संघर्ष पेटला. १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजांनी पोर्तुगिजांच्या चौलवर मोहीम केली. याच काळात उत्तरेस मुंबई बेट पोर्तुगिजांकडून इंग्रजांकडे गेले आणि १६६८ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन झाले. कंपनीने व्यापारी व कारागिरांना मुंबईत वसण्यास उत्तेजन दिले. तेथे जाणाऱ्यांत चौलचे विणकरही होते आणि त्यांच्या वस्तीची सोय कंपनीने करून दिली.

अलेक्झांडर हॅमिल्टन या स्कॉटिश नाविक व्यापाऱ्याचा ग्रंथ १७२७ मध्ये प्रसिद्ध झाला. चौल हे पूर्वी व्यापाराचे, विशेषतः भरतकाम केलेल्या रजयांचे, नामांकित ठिकाण होते, परंतु आता ते अत्यंत दरिद्री झाले आहे, असा त्याचा अभिप्राय आहे. येथे कालक्रम पाहण्यासारखा आहे. हॅमिल्टन लिहीत होता तेव्हा रेवदंड्याचा तट शाबूत होता, तोफा होत्या, चर्चमधून घंटा वाजत होत्या आणि पोर्तुगीज ध्वजही फडकत होता. नगराचा प्राण मात्र विणकरांच्या मागांबरोबर निघून गेला होता. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि १७४० च्या तहानुसार चौल व कोर्लई मराठ्यांकडे आले. या सत्तांतराने चौलचा ऱ्हास झाला, असे विधान अनेकदा केले जाते. हॅमिल्टनची साक्ष पाहता ते स्वीकारता येत नाही. मराठ्यांच्या हाती आले ते आधीच ओसरलेल्या पेठेचे ठाणे होते.

तटाबाहेर उरलेले नगर

जुझे जेर्सन द कुन्य यांचा चौल व वसईच्या पुरावशेषांवरील ग्रंथ १८७६ मध्ये आणि कुलाबा जिल्ह्याचे गॅझेटिअर १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. तोपर्यंत रेवदंड्याच्या कोटात चर्च व मठांचे भग्नावशेष आणि नारळी-पोफळीच्या बागा उरल्या होत्या. आज अलिबागहून मुरूडकडे जाणारा रस्ता कोटातूनच जातो. ‘सातखणी’ म्हणून प्रसिद्ध असलेला मनोरा सात मजल्यांचे नाव सांगत अर्धवट उभा आहे. कोट केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत मोडतो.

जुन्या नगराचा जिवंत अंश पाहायचा तर मात्र तटाबाहेर पडावे लागते. वरच्या चौलात रामेश्वराचे मंदिर आहे, हिंगलाजदेवीचे स्थान आहे, जुने हमामखान्याचे अवशेष आहेत. मध्ययुगीन वस्तीचा विस्तार आज वाड्या व बागांच्या रचनेतून कळतो. रेवदंड्यात बेने इस्राएल समाजाचे प्रार्थनामंदिर आहे. हा मराठीभाषक यहुदी समाज येथील तेलघाण्यांशी व बागायतीशी पिढ्यान्‌पिढ्या जोडलेला होता.

सर्वांत बोलका अवशेष दगडाचा नाही. कोर्लई गावातील ख्रिस्ती समाजात पोर्तुगीजपासून घडलेली एक मिश्रबोली आजही बोलली जाते. बोलणारे तिला ‘नौ लिंग’, म्हणजे आपली भाषा, असे म्हणतात. भाषकांची संख्या हजाराच्या आसपास आहे. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने या बोलीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला असून तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. तिच्यातील शब्दसंग्रह मुख्यतः पोर्तुगीज असला तरी वाक्यरचनेवर मराठीचा खोल ठसा उमटला आहे. १७४० मध्ये पोर्तुगीज अधिकारी व सैन्य निघून गेले. त्यांच्या आश्रयाने राहिलेले सामान्य एतद्देशीय ख्रिस्ती कुटुंबीय मागे राहिले आणि त्यांनी ही भाषा जवळजवळ तीन शतके टिकवली. सोळाव्या-सतराव्या शतकांतील एकाही पाहुण्याला ही माणसे लिहिण्याजोगी वाटली नव्हती.

समारोप

चौल-रेवदंड्याच्या वृत्तांतांच्या तुलनेतून तीन गोष्टी हाती येतात. प्रवाशाने पाहिलेला तट नेमका कोणत्या वस्तीचा, हे तपासल्याविना त्या नोंदीचा उपयोग करू नये. मुक्काम कोणत्या हंगामातील, याचा विचार केल्याविना नगराच्या आकाराविषयी अनुमान करू नये. समुद्राच्या बाजूने लिहिलेल्या प्रत्येक वर्णनाला घाटाच्या बाजूचा पुरावा जोडून पाहावा. असे केले असता चौलच्या वैभवाचे श्रेय विणकर, हाकारे आणि देशावरील पेठा यांच्याकडे वळते, आणि तट हा त्या वैभवावरील जकातनाका ठरतो.

या विवेचनाला आजही प्रयोजन आहे. २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ ही पर्यटक क्रूझ सुरू झाली होती; ती फार काळ चालली नाही. मार्च २०२० पासून मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी वाहून नेणारी रो-रो सेवा सुरू झाली आणि अलिबाग परिसर एका दिवसाच्या सहलीच्या टप्प्यात आला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग यांसह बारा दुर्गांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. किनाऱ्यावरील किल्ल्यांकडे लोकांचा ओघ वाढणार, हे उघड आहे. या ओघातील पाहुणाही पूर्वीच्या प्रवाशासारखाच काही तास थांबेल, तट पाहील आणि परत जाईल. जे पाहिले जाते त्याचेच जतन होते, हा अनुभव असल्याने वरच्या चौलातील अवशेष, जुन्या घाटवाटा आणि कोर्लईची बोली यांच्या वाट्याला उपेक्षा येण्याचा धोका आहे.

महाविद्यालयांच्या इतिहास विभागांच्या अभ्याससहली या बाबतीत पुष्कळ करू शकतात. रेवदंड्याच्या वेशीपाशी सहल संपविण्याऐवजी विद्यार्थ्यांना वरच्या चौलापर्यंत पायी न्यावे, कोर्लईत थोडा वेळ बसून तेथील वृद्धांचे बोलणे ऐकू द्यावे आणि परतताना बोरघाट चढताना बार्बोझाच्या बैलांची आठवण करून द्यावी. सोलापूरसारख्या देशावरील जिल्ह्यातील विद्यार्थ्याला त्या वाटेवर हेही उमगेल की समुद्राच्या इतिहासात त्याच्या गावचाही हिस्सा आहे.